एक ठोका म्हणजे बरोबर

तोंडात बारीक खिळे धरून बाबा सोफ्याच्या उघड्या सांगाड्यावर वाकला होता. जिभेने एक खिळा ओठांपर्यंत ढकलायचा, बोटांनी उचलायचा, पट्टीवर टेकवायचा, ठोकायचा. तोंडातले खिळे संपेपर्यंत त्याला बोलता येत नसे. मुलांचं म्हणणं असं, की घरात खरा अभ्यास तेवढ्याच वेळात होतो.

“सात आठे छप्पन्न,” वकील म्हणाला.

हातोडीचा एक ठोका पडला. एक ठोका म्हणजे बरोबर.

“सात नव्वे बासष्ट.”

दोन ठोके.

“नक्की? बाबा, एकदा नीट विचार कर.”

पुन्हा दोन ठोके, जरा जोरात. वकील नऊ वर्षांचा होता आणि पाढ्याशीसुद्धा तडजोडीची बोलणी करायचा.

“त्रेसष्ट रे,” सोफ्याच्या काढून ठेवलेल्या पाठीवर पालथी पडलेली रेडिओ म्हणाली. “काल त्रेसष्ट होते, परवा त्रेसष्ट होते, आज कुठे गावाला जाणार आहेत? आणि बाबा, तुझी तिसरी पट्टी तिरकी बसलीय. आणि उंदीर परत रेक्झिन खातोय. आणि पैलवान म्हणतो त्याने बारा फोम उचलले, पण घरात सातच आहेत.”

“मी त्यातले पाच परत उचलले,” चार वर्षांचा पैलवान म्हणाला. उंदीर म्हणजे चौदा महिन्यांची धाकटी. ती टेबलाखाली बसून हिरव्या रेक्झिनच्या तुकड्याचा निकाल लावत होती. बाबाने रेडिओच्या सगळ्या बोलण्याला मिळून एक ठोका दिला आणि तिसरी पट्टी उपटून पुन्हा बसवली. ती खरंच तिरकी होती.

घड्याळात सव्वादहा झाले होते. अकराला शिक्षण कार्यालयाच्या तपासनीस बाई येणार होत्या.

सकाळी पाळीवर निघताना आईने चप्पल घालता घालता त्याला सांगून ठेवलं होतं, “रेडिओला प्रश्न विचारतील तेव्हा तोंडात खिळे ठेव.”

“मी काय मध्ये बोलतो का?”

“मध्ये नाही बोलत. तिच्या आधी बोलतोस. आज बोललास तर संध्याकाळी येऊन टाके घालीन. रोज घालते, हात बसलाय माझा.” आणि ती हॉस्पिटलला गेली होती.

रेडिओ हे नाव सात वर्षांच्या त्या पोरीला घरात पडलं होतं. उंबऱ्याबाहेर ती बंद. दुकानदाराशी नाही, शेजारणीशी नाही, डॉक्टरांनी जीभ दाखव म्हटलं तर जीभ दाखवायची, पण आवाज नाही. शाळेत दीड वर्ष ती एक अक्षर बोलली नव्हती. वहीत सगळं बरोबर लिहायची, पण शाळेला वहीशी देणंघेणं नव्हतं. शाळेला ‘हजर’ ऐकायचं होतं. एके दिवशी वर्गाच्या बाईंनी तिला बाकावर उभं केलं. हजर म्हणेपर्यंत खाली बसायचं नाही. ती दोन तास उभी राहिली. फ्रॉक ओला झाला, वर्ग हसला, बाई चहा पिऊन आल्या, आणि ही उभीच. वहीत शेरा मिळाला, ‘मुलगी मंद आहे. वेगळ्या वर्गात घालावी.’

सात वर्षांची पोर दोन तास एका मोठ्या बाईच्या हट्टाला पुरून उरते, आणि मंद कोण, तर पोर. असल्या हुशार लोकांच्या हाती आणखी एक दिवस मुलं द्यायला बाबा तयार नव्हता. दुसऱ्या दिवशी जाऊन त्याने दोघांची नावं काढली. स्वतः तो सातवीत शाळेतून निघून सोफ्याच्या कामाला लागला होता. हेडमास्तरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “तुम्ही शिकवणार?” तो म्हणाला, “तुमच्यापेक्षा वाईट शिकवायला फार मेहनत लागेल.” हे वाक्य तो अजूनही अधूनमधून मनात घोळवायचा.

पण मेहनत न घेताही ते त्याला जमलं होतं. पहिल्या महिन्यात त्याने घराचीच शाळा करून टाकली. फळा आणला, वेळापत्रक चिकटवलं, नऊ वाजता ताटलीवर चमचा वाजवून घंटा दिली. नऊ वाजून पाच मिनिटांनी पैलवानाने मधली सुट्टी मागितली. वकिलाने वेळापत्रकावर हरकत नोंदवली. उंदराने खडू खाल्ला. आणि तिसऱ्या आठवड्यात, एक गिऱ्हाईक दाराशी खोळंबलं असताना, रेडिओ कशाबद्दल तरी सलग बोलत असताना, बाबा ओरडला, “हाताची घडी, तोंडावर बोट.”

शब्द त्याचे नव्हते. कुठूनतरी आत पडून राहिले होते, तीस वर्षं. रेडिओने हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं आणि ती गप्प झाली. घरात. पाऊण तास.

त्या दुपारी त्याने भिंतीवरून फळा काढला, कापला आणि एका खुर्चीच्या बैठकीखाली ठोकून दिला. ती खुर्ची आज कुणाच्या तरी घरी आहे आणि तिच्यावर कुणीतरी बसतं. फळ्याचा इतका चांगला उपयोग आधी झाला नसेल.

त्यानंतर कामच अभ्यास झालं. सोफा आला की मुलं मापं घ्यायची, कापड किती लागेल ते काढायची. आणि सोफा फाडायचा दिवस म्हणजे सणच. बैठक आणि हात यांच्यामधल्या फटीत माणसांचं काय काय जातं, ते मुलांना कळलं होतं. कंगवे, किल्ल्या, बुद्धिबळाचा उंट, एकदा तर अर्धी कवळी. या सगळ्याची एक वही होती. तारीख, सोफा कुणाचा, काय सापडलं, कुणाला सापडलं. पहिल्या पानावर रेडिओच्या अक्षरात नियम होता, ‘ज्याला सापडलं त्यानेच परत द्यायचं.’ वस्तूबरोबर चिठ्ठी जायची, तीही रेडिओच लिहायची. कवळीच्या चिठ्ठीत तिने लिहिलं होतं, ‘आजोबा, हे दात तुमचे असतील तर कृपया हसून दाखवा.’ आजोबांनी दाखवलं होतं. वकिलाला. कारण नियम रेडिओचा असला, तरी परत द्यायची वेळ आली की ती सौदा करायची. चिठ्ठी माझी, जाणार तू, बदल्यात उंदराला धुवायची तुझी पाळी मी घेते. तिला सापडलेल्या अकरा वस्तू वकिलाने परत केल्या होत्या.

कार्यालयाने तीन महिन्यांची परवानगी दिली होती. तीन महिन्यांनी तपासणी. पत्रातली शेवटची ओळ बाबाला पाठ होती. दुसऱ्या अपत्याची तोंडी परीक्षा समाधानकारक न झाल्यास त्याला विशेष वर्गात दाखल करण्यात येईल.

रेडिओलाही ती पाठ होती. तिने पत्र त्याच्या आधी वाचलं होतं.

अकरा वाजता बेल वाजली, पुढेमागे एक मिनिटही नाही. तपासनीस बाई पन्नाशीच्या, काटकुळ्या होत्या. तीन मजले चढून आल्या होत्या आणि दारात क्षणभर एक गुडघा धरून उभ्या राहिल्या. बाबाने तोंडातले खिळे तळहातावर थुंकले आणि त्यांना नव्याने शिवलेल्या हिरव्या सोफ्यावर बसवलं. बाईंनी पिशवीतून फाईल काढली, फाईलच्या पट्टीतून पेन्सिल काढली, तपकिरी डबीतून चष्मा काढला आणि डबी पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवून कप्प्याची चेन लावली. वस्तू कुठून काढली आणि कुठे ठेवली हे ज्यांना झोपेतही सांगता येतं, त्यातल्या त्या दिसत होत्या.

उंदीर रांगत आला आणि त्यांच्या पिशवीचा पट्टा तोंडात घातला.

“ही कितवीत?” बाईंनी विचारलं.

“ती फक्त प्रात्यक्षिक करते,” वकील म्हणाला.

बाईंच्या ओठांचा एक कोपरा हलला आणि परत जागेवर गेला. त्यांनी वकिलाला वाचायला लावलं, पाढे विचारले. सात नव्वे त्रेसष्ट त्याने नाइलाजाने मान्य केले. मग त्या म्हणाल्या, “तुम्ही मापं घेता असं अर्जात लिहिलंय. त्या खुर्चीची बैठक मोजून दाखव.”

वकिलाने खिळ्यावरची टेप काढली, लावली, बघितली. “एकोणीस इंच.”

बाईंनी उठून स्वतः टेप लावली. “बावीस आहे.”

“हो. म्हणजे एकोणीस.”

“बावीस म्हणजे एकोणीस?”

“बाई, तुम्ही तीन वजा केले नाहीत.”

“कशातून?”

“बावीसमधून. सगळ्यातूनच करतात.” वकिलाला आता त्यांची कीव येऊ लागली होती. “पैलवान, टेबल मोज रे.”

पैलवानाने ऐटीत टेबलाची रुंदी मोजली, बोटांवर तीन कमी केले आणि तेवढ्याच आत्मविश्वासाने चुकला. बाईंची पेन्सिल कागदावर दोनदा हलली. बाबाच्या कानांतून वाफा निघायला लागल्या. काय झालं ते त्याला कळलं होतं आणि सांगायची लाज वाटत होती.

रेडिओ इतका वेळ भिंतीला पाठ लावून उभी होती. ती टेपजवळ गेली. टेपचं टोक तिने डोळ्यांपाशी धरलं. मग कोपऱ्यातल्या काथ्याच्या ढिगाशी जाऊन बसली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि जुनी टेप ओढून काढली. मळकी, कडा सुटलेली. दोन्ही टेपा तिने बाईंच्या मांडीवर शेजारी शेजारी ठेवल्या. नवी शून्यापासून सुरू होत होती. जुनीचं टोक चावून चावून तुटलेलं होतं आणि ती थेट तीनच्या रेघेपासून सुरू होत होती. रेडिओने त्या तीनवर बोट ठेवलं. मग तेच बोट टेबलाखाली, उंदराकडे दाखवलं.

बाईंनी दोन्ही टेपा बघितल्या, उंदराकडे बघितलं आणि मग बाबाकडे.

“नवी कधी आणली?”

“काल संध्याकाळी.”

“कशाला?”

“तुम्ही येणार म्हणून,” बाबा म्हणाला. “चघळलेली टेप बरी दिसत नाही. पोरांना सांगायचं राहिलं.”

बाई हसल्या. मोठ्याने नाही, पण खांदे हलले. त्यांनी कागदावरच्या दोन खुणा खोडल्या. “आता जुन्या टेपने माप.” वकिलाने मापलं. पंचवीसमधून तीन गेले, बावीसचे बावीस. “म्हणजे वजाबाकी पक्की आहे,” त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि पान उलटून रेडिओकडे वळल्या.

“तुझं नाव काय गं?”

खोलीत काथ्याची धूळ उन्हात तरंगत होती. रेडिओने पायाच्या अंगठ्याने फरशीची रेघ धरली.

“बाई, तिला सगळं येतं,” बाबा म्हणाला, “फक्त नवीन माणूस असलं की...”

“तुम्हाला नाही विचारलं.”

“शाळेतही हेच. उभं करून, सगळ्यांसमोर...”

“मी शाळा नाही,” बाई म्हणाल्या. “मी फॉर्म आहे. शाळेत काय झालं ते मी वाचलंय. वाचून त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पण रकाना आहे तो आहे. ‘तोंडी’.”

त्या बराच वेळ थांबल्या. घाई केली नाही, गोड बोलून बघितलं नाही. रेडिओ बोलली नाही. मग त्यांनी प्रश्न लिहून दिले आणि तिने उत्तरं लिहून दिली, सगळी बरोबर. एका प्रश्नातली आकड्याची चूकही दुरुस्त करून दिली. बाईंनी ते पान दोनदा वाचलं. मग वकिलाने सापडलेल्या वस्तूंची वही आणली. कवळीच्या चिठ्ठीपाशी त्यांचे खांदे परत हलले. पहिल्या पानावर येऊन त्या थांबल्या.

“हा नियम कुणाचा?”

“हिचाच,” वकील म्हणाला. “पण पाळते कुठे. अकरा वेळा मी गेलोय.”

रेडिओने त्याच्याकडे असं बघितलं, की तो दोन पावलं सरकून पैलवानाच्या मागे गेला.

बाईंनी वही मिटली. चष्मा काढला, पुसला, डबीत घातला. पेन्सिल पट्टीत, फाईल पिशवीत. “लेखी पूर्ण दिलंय. तोंडीचा रकाना आज रिकामा आहे,” त्या बाबाला म्हणाल्या. “सोमवारी मला कागद पुढे द्यावा लागतो. रिकामा रकाना मी माझ्या मनाने भरत नाही. भरणारी असते तर आजवर खूप भरले असते.”

बाबाने दार उघडून धरलं. दाराशी त्या पुन्हा थांबल्या. “मला उतरायला वेळ लागतो,” त्या म्हणाल्या. कुणी विचारलेलं नव्हतं. “गुडघे धड नाहीत. एकेक पायरी करत जाते.”

दार लोटलं गेलं.

बाबाने मूठभर खिळे तोंडात कोंबले, नेहमीपेक्षा दुप्पट, आणि सांगाड्यावर तुटून पडला. पहिला खिळा वाकला. दुसरा वाकला. खिळे नसते तर तोंडातून जे निघालं असतं, ते मुलांनी कुठल्याच वहीत लिहिण्यासारखं नव्हतं. पैलवान हिरव्या सोफ्यावर चढून उड्या मारायला लागला.

“उतर, गिऱ्हाइकाचा आहे तो,” रेडिओ म्हणाली. दार लागल्याबरोबर तिचा आवाज चालू झाला होता. “स्प्रिंगा बसवायला बाबाला दोन दिवस लागलेत, आणि तुझे पाय बघ, आणि...”

ती थांबली. पैलवानाला खाली ओढताना तिचा हात बैठक आणि हाताच्या मधल्या फटीत गेला होता. तिने तो बाहेर काढला तेव्हा त्यात तपकिरी डबी होती.

“बाईंचा चष्मा,” वकील म्हणाला. “दे इकडे, पळत जातो.”

दोन ठोके.

वकिलाने वळून बघितलं. “मी काही चुकीचं बोललो का?”

दोन ठोके. बाबा त्याच्याकडे बघतही नव्हता.

रेडिओने डबी दोन्ही हातांत धरली होती. तिने वकिलाकडे बघितलं, टेबलावरच्या वहीकडे बघितलं, मग बाबाकडे. बाबाला खिळे थुंकता आले असते. ‘जा’ म्हणता आलं असतं, ‘राहू दे, मी देतो’ म्हणता आलं असतं, आणि ते दुसरं वाक्य जिभेच्या टोकाशी खिळ्यांच्या मागे येऊन उभंही होतं. त्याने ओठ घट्ट मिटले. लोखंडाची चव तोंडभर पसरली. तो सांगाड्याच्या पायाकडे बघत राहिला, जणू जगातलं सगळं काम त्या पायात होतं.

अनवाणी पावलं दारापर्यंत गेली. दार करकरलं. पावलं जिन्याच्या तोंडाशी गेली आणि थांबली.

खालून बाईंच्या चपलेचा आवाज येत होता. एक पायरी, थांबणं. एक पायरी, थांबणं. वकील काही बोलणार होता. पैलवानाने, कशासाठी ते न कळताच, त्याच्या तोंडावर हात ठेवला. उंदीरसुद्धा चावायचा थांबला होता.

“बाई.”

इतकं बारीक, की जिन्याने ते गिळलं. खाली आणखी एक पायरी वाजली.

“बाई, थांबा.” आता जिना घुमला. “तुमचा चष्मा राहिला.”

खाली चपला थांबल्या. “कुठे सापडला गं?”

“सोफ्यात. उजव्या हाताच्या फटीत. सगळ्यांचं तिथेच जातं.”

“असं का. कुणाला सापडला?”

अनवाणी पावलं एक पायरी उतरली.

“मला.”

“मग मी वर येऊ की तू खाली येतेस?”

“तुम्ही नका येऊ, तुमचे गुडघे धड नाहीत. तिथेच थांबा, कठड्याला धरा, मी येते. आणि बाई, पेन्सिल बघा आहे का, कारण मागे एका काकांची पेन्सिल आम्हाला सोफ्यात सापडली, ती त्यांची नव्हतीच, त्यांच्या भावाची होती, मग आम्ही...”

आवाज पायऱ्या उतरत गेला. दुसऱ्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडल्याचं ऐकू आलं, पण आवाज थांबला नाही.

बाबासमोर पट्टीवर एकही खिळा उभा नव्हता. तरी त्याने हातोडी उचलली आणि कोऱ्या लाकडावर एक ठोका मारला.